पोटातले निळे खडे

रविवारच्या प्रार्थनेत एक क्षण असा येतो की पाद्री म्हणतो, एकमेकांना शांती द्या, आणि सगळी माणसं मागेपुढे वळून हातात हात देतात. कासिल्दा नेमकी वुल्फ्रानोच्या मागच्या बाकावर बसायची ती या क्षणासाठी. तो वळायचा, हात पुढे करायचा, आणि ती दोन्ही हात शालीत गुंडाळून त्याच्या टकलाच्या वर कुठेतरी बघत राहायची. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, भांडण आहे, मिटेल. मग लोकांनी म्हणणंही सोडलं. त्याने बाक बदललं की तीही बदलायची. आमचं चर्च लहान, पळून पळून तो जाणार कुठे?

बरं, हा काही परका माणूस नव्हे. तिच्या मुलाचा, हासिंतोचा, बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, म्हणजे तिचा कोम्पाद्रे. आमच्या सोचिमिल्कोत, मेक्सिको शहरालगतच्या या कालव्यांच्या वस्तीत, सख्ख्या भावाशी अबोला धरला तर एक वेळ चालतं, कोम्पाद्रेशी नाही. ते नातं देवासमोर जोडलेलं असतं. कासिल्दाला कोणी हे ऐकवलं की ती म्हणायची, "देवासमोर जोडलं ना? मग हात पण देवासमोरच नाकारते. चोरून नाही काही करत."

वैर सुरू झालं ते एका मुक्या जिवावरून. कासिल्दाचा बाप एपिफानियो, तिचा आपा, तरुणपणी कालव्यातून आहोलोते पकडायचा. चार पायांचा, रुंद तोंडाचा, मानेशी पिसांसारखे कल्ले फुललेला हा पाण्यातला प्राणी तेव्हा जाळ्यात ढिगाने यायचा, आणि लोक त्याला मक्याच्या पानांत गुंडाळून, भाजून खायचे. पुढे कालव्यांचं पाणी बिघडलं आणि आहोलोते दिसेनासे झाले. एक दिवस जाळ्यात एकच आला, कोळशासारखा काळा. एपिफानियोला तो खाववेना. त्याने त्याला अंगणातल्या दगडी हौदात सोडलं, तिसोन असं नाव ठेवलं, आणि रोज सकाळी गांडुळं घेऊन त्याच्याशी गप्पा मारत बसू लागला. हौदाच्या तळाशी चिखल, पाणी संथ. तिसोन वर्षानुवर्षं सुखाने जगला.

मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले. पलंगावरून अंगणात जाणं होईना. कासिल्दाच्या मनात आलं, आपा तिथे जाऊ शकत नाही तर तिसोनलाच आत आणावं, काचेच्या टाकीत, अगदी उशाशी. टाकी घ्यायला ती दुसरीकडे कशाला जाईल? कोम्पाद्रेचं बाजारात पाळीव माशांचं दुकान होतं.

"तळाला काय घालू, कोम्पाद्रे? हौदातला चिखलच आणू का?"

"चिखल? काचेच्या टाकीत? अहो, म्हाताऱ्याला काही दिसू द्याल की नाही?" वुल्फ्रानोने वालाच्या दाण्याएवढे चकचकीत निळे खडे ओंजळीत घेऊन तिच्यापुढे धरले. "हे घाला. देवमातेच्या झग्याचा रंग आहे. आणि फिल्टर हा घ्या. सगळ्यात जोरकस. पाणी कसं ओढ्यासारखं खळाळत राहतं बघा."

तिने दोन्ही घेतलं. म्हातारा टाकी बघून लहान मुलासारखा हसला, एवढं तिला शेवटपर्यंत आठवत होतं.

आहोलोतेला खळाळ सोसत नाही, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. तिसोन एका कोपऱ्यात शेपटीचं टोक मुडपून बसायला लागला. पाण्याच्या लोटाने त्याचे कल्ले सतत पुढे ढकलले जायचे. आणि हा प्राणी चावून खात नाही. तोंड उघडतो आणि समोरचं सगळं पाण्यासकट आत ओढतो. गांडुळाबरोबर जे येईल ते. तिसोनने खाणं सोडलं, त्याचं पोट टम्म झालं, आणि एका सकाळी तो उलटा तरंगताना दिसला. आपा जागा व्हायच्या आत कासिल्दाने त्याला उचलून मोरीवर नेलं आणि स्वयंपाकाच्या सुरीने पोट चिरलं. आत निळे खडे होते.

ते धुऊन, रुमालात बांधून ती दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाइकं होती. वुल्फ्रानो खडे बघून आधी पांढरा पडला, आणि मग गिऱ्हाइकांकडे वळून हसला.

"खड्यांनी कधी कोणी मरतं का हो? तोर्तिया चारली असणार बाईंनी! मक्याची भाकरी ती, फुगते पोटात. आणि आता हे खडे स्वतः रुमालात बांधून मला दाखवायला आल्या."

सगळा बाजार हसला. ती घरी पोचायच्या आत गोष्ट तिच्या गल्लीत पोचली होती. त्यानंतर तिच्या मळ्यातली फुलं विकत घ्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "कासिल्दा, झेंडूला तरी पाणीच घालतेस ना? तोर्तिया नाही ना?"

लोकांचं तिने सोसलं असतं. पण आपा! त्याला तिने सगळं सांगितलं, खडे दाखवले. तो ऐकत राहिला. काही दिवसांनी, तिने भरवलेला घास गिळून, भिंतीकडे बघत म्हणाला, "मुक्या जिवाला कळत नाही गं पोरी. आपल्याला कळायला हवं." बस, एवढंच. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही, आणि त्याच वर्षी तो गेला. बाप आपल्याला दोषी धरून मेला, ही गाठ कासिल्दाच्या काळजात बसली ती बसलीच. वुल्फ्रानोचं दुकान जळावं, त्याचे दात पडावेत, त्याला कोणी पाणी न देवो, असं ती उघड म्हणायची, तेही भाजी चिरता चिरता, अगदी शांतपणे.

दुसरी बाई असती तर तिने पुन्हा आहोलोतेचं नाव काढलं नसतं. कासिल्दाने उलट केलं. वस्तीतल्या एका पैदासवाल्याकडून दोन पिल्लं आणली, हौद पुन्हा भरला, आणि हा प्राणी कशाने जगतो, कशाने मरतो, ते एकेक करून शिकली. मायेने नव्हे हं, ईर्षेने. हळूहळू असं झालं की कोणाचं आहोलोते आजारी पडलं की तो माणूस बादली घेऊन कासिल्दाच्या मागच्या दाराशी यायचा. तोर्तियावरून हसणारेही यायचे. ती त्यांना आधी चांगलं सुनवायची आणि मग प्राणी बरा करून द्यायची.

आणि मग एका ऑक्टोबरात वुल्फ्रानो आला.

झेंडूच्या काढणीचे दिवस होते. कासिल्दा कालव्यालगतच्या तिच्या चिनाम्पावर, म्हणजे पाण्यात भर घालून केलेल्या मळ्यावर, कमरेपर्यंत आलेल्या पिवळ्या फुलांत वाकलेली होती. गेल्या उन्हाळ्यात कालव्याचा गाळ उपसून, वाफ्यावर थापून, सुरीने त्याच्या वड्या पाडून, एकेका वडीत बोटाने बी सोडून तिने ही रोपं केली होती. होडी काठाला लागल्याचा आवाज झाला. तिने मान वर केली तर हा, ओला टॉवेल झाकलेली बादली पोटाशी धरून. रस्त्याने आला असता तर लोकांनी बघितलं असतं, म्हणून कालव्यातून आला.

"कोमाद्रे," तो म्हणाला. धर्मपुत्राच्या आईला हाक मारतात ती. इतक्या वर्षांत पहिला शब्द.

"वाट चुकलात का?"

त्याने बादली खाली ठेवली, टॉवेल काढला. आत एम्पेरादोर, म्हणजे बादशहा, होता. वुल्फ्रानोच्या दुकानाच्या दर्शनी टाकीतला हा हातभर लांब, रुबाबदार आहोलोते सगळ्या बाजाराला माहीत होता. पोरं काचेला नाक लावून त्याला बघायची. वुल्फ्रानोला मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडलं की तो आधी एम्पेरादोरला हाताने गांडूळ भरवायचा, मग स्वतः कॉफी प्यायचा. आता एम्पेरादोर बादलीत एका कुशीवर तरंगत होता आणि त्याचं पोट फुगलेलं होतं.

"दोन आठवडे झाले, खात नाही," वुल्फ्रानो म्हणाला.

कासिल्दाने सुरी फुलांत रोवली, हात पुसले, वाकून बघितलं. तिच्या अंगात गोड गारवा पसरला. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते असं बादलीत घालून दाराशी येईल, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तोर्तिया चारलीत का, कोम्पाद्रे?"

त्याने मान खाली घातली.

"नाही म्हणजे, पोटात फुगून बसते म्हणतात. जाणकार माणसाने सांगितलंय मला. भर बाजारात सांगितलंय."

"कासिल्दा, नको ना."

"तळाला काय आहे टाकीत?"

टाकीत तेच निळे खडे होते. गंमत बघा, इतकी वर्षं या माणसाने खड्यांनी कोणी मरत नाही असं इतक्या जणांना सांगितलं होतं, की शेवटी त्याचाच त्यावर विश्वास बसला. गेल्या इस्टरला टाकी सजवताना त्याने स्वतःच्या लाडक्याखाली तेच अंथरले.

कासिल्दाला एक क्षण वाटलं, जा म्हणावं. दुसरं काही करायचंच नाही. आठवडाभरात तो उलटा तरंगेल, मग आपण दुकानात जाऊन सगळ्यांसमोर हसावं. तिने बादलीत बोट घातलं. एम्पेरादोरने थकलेला पुढचा पाय तिच्या बोटावर ठेवला. त्याचा काय दोष होता? दोष असलेला माणूस समोर उभा होता आणि त्याला मारून काही मिळणार नव्हतं. त्याला बोलायला लावायचं होतं.

"वाचवते," ती म्हणाली. "पण एक तारखेला, मृतांच्या सणाला, दुपारी घंटा झाल्यावर, माझ्या घरी यायचं. आपाच्या वेदीपुढे उभं राहायचं आणि तिसोन कशाने मेला ते त्याला सांगायचं."

"लोकांसमोर?"

"लोक नकोत मला. आपाला सांगायचं."

वुल्फ्रानोच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. तिने ती बघितली आणि मनात नोंदवून ठेवली. "म्हणजे... मेलेल्या माणसाला? एवढंच?"

"एवढंच. मग घेऊन जा तुमचा बादशहा. आणि टाकी उद्या इकडे पोचवा, खड्यांसकट. तुमच्या त्या दुकानात याला मी पाठवायची नाही आत्ताच."

तिने एम्पेरादोरला झाकणाच्या डब्यात, शिळ्या केलेल्या पाण्यात ठेवून डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवला, नागफणीच्या भाजीशेजारी. थंडाव्यात या प्राण्याचं अंग मंदावतं आणि पोट हळूहळू मोकळं होतं. रोज पाणी बदलायचं, वर फडकं टाकून अंधार ठेवायचा, आणि वाट बघायची. वाट बघण्यात तिचा हात धरणारं वस्तीत कोणी नव्हतं.

टाकी आली. वुल्फ्रानो स्वतः घेऊन आला आणि घुटमळत उभा राहिला. कासिल्दाने सगळे निळे खडे उपसून बादलीत भरले आणि बादली दाराआड ठेवली. काच पुसली. टाकी तिने आपाच्या खोलीत लावली, तिसोनची होती त्याच जागी. वुल्फ्रानोला ते कळलं.

"तळ रिकामाच ठेवू या का?" त्याने विचारलं. "धोकाच नको."

"नुसत्या काचेवर पाय घसरतात त्याचे. दिवसभर घसरत चाललात तर तुम्ही तरी दमाल की नाही?"

"मग लाल तेसोन्तले टाका थोडा. अंगणात आहेच तुमच्या."

तेसोन्तले म्हणजे आमच्याकडचा सच्छिद्र लाल ज्वालामुखी दगड. कुंड्यांत, अंगणात, वाटेवर, जिथे तिथे तो असतो, आणि म्हणून कोणाच्याही हाती आधी तोच येतो. कासिल्दाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो एक पाऊल मागे सरला.

"तोंडात मावेल असं काही खाली नको. इतकी वर्षं दुकान चालवलंत ना तुम्ही?"

तिने बारीक वाळू आणली. आधी पिठाच्या चाळणीने चाळली, मग तलम फडक्यातून, मग पाणी निवळेपर्यंत धुतली. ही वाळू गिळली तरी जशी गेली तशी बाहेर पडते. ती तिने तळाशी पातळ पसरली. त्यावर मोठे गुळगुळीत दगड ठेवले, आहोलोतेच्या डोक्यापेक्षा मोठे, आणि आडोशाला एक फुटकी मातीची हंडी आडवी केली.

मग फिल्टर. वुल्फ्रानोने दुकानातला नवा कोरा जोरकस फिल्टर सोबत आणला होता, बहुधा सवयीने. कासिल्दाने तो खोक्यासकट त्याच्या हातात परत दिला. तिने पाण्याची एक प्लास्टिकची बाटली कापली, आत तो लाल तेसोन्तले भरला, वर स्पंज बसवला, आणि लहानशा हवेच्या पंपाची नळी आत सोडली. तळाशी जो दगड जीव घेतो तोच बाटलीत कोंडला की त्याच्या छिद्राछिद्रांत पाणी साफ करणारे जीव घर करतात. बुडबुडे एकामागून एक संथ वर येऊ लागले. पाणी हलत होतं, पण कोणाला ढकलत नव्हतं. शेवटी तिने हौदातल्या फिल्टरमधला जुना, तपकिरी बुळबुळीत स्पंज उचलला आणि नव्याला चिकटवून ठेवला.

"ही घाण कशाला?" वुल्फ्रानोने नाक मुरडलं.

ती घाण नव्हती. दुधाला विरजण लागतं तसं नव्या पाण्याला हे लागतं. पण कासिल्दाने सांगितलं नाही. या माणसाला फुकट शिकवायची तिची इच्छा नव्हती.

महिना संपता संपता एम्पेरादोरने पोटातले खडे डब्यात टाकले. एक, मग दोन, मग बरेच. पोट उतरलं. तिने त्याला हलक्या हाताने टाकीत सोडलं, तेव्हा त्याने वाळूवर पाय टेकले, कल्ले फुलवले आणि आरामात चालत हंडीत जाऊन बसला. कासिल्दा बाजूच्या खुर्चीत बसून रडली. मग डोळे पुसून आपाच्या वेदीची तयारी करायला उठली.

एक नोव्हेंबरला दुपारी बाराला घंटा झाल्या. आमच्याकडे त्या घंटांबरोबर मेलेली मोठी माणसं घरी येतात, वर्षातून एकदा. रस्त्यापासून आपाच्या फोटोपर्यंत कासिल्दाने झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली होती. वेदीवर मेणबत्त्या, मीठ, पाणी, त्याचा पुल्केचा, म्हणजे माडीसारख्या दारूचा, पेला, मोलेचा मसालेदार रस्सा घातलेले मक्याच्या पिठाचे वाफाळते तामाले. आणि एका बशीत दोन ढीग निळ्या खड्यांचे. एक जुना, रंग उडालेला. एक नवा.

वुल्फ्रानो आला. अंगावर कोट, हातात रिकामी बादली. पाकळ्यांच्या वाटेवर पाय पडू नये म्हणून तो भिंतीला घासून आत आला. टाकीत एम्पेरादोर चालताना दिसला तसा त्याचा चेहरा फुलला.

"आधी इकडे," कासिल्दा म्हणाली.

तो वेदीपुढे उभा राहिला. वाक्य त्याने पाठ करून आणलं होतं, हे दिसत होतं. पण घंटा नुकत्याच थांबल्या होत्या. मेणबत्तीची ज्योत वाकली. फोटोतून एपिफानियो थेट बघत होता. अशा दिवशी, घरी परत आलेल्या मेल्या माणसाशी खोटं बोलायची छाती आमच्यात कोणाची होत नाही. वुल्फ्रानोने टोपी काढली.

"एपिफानियो दादा," तो म्हणाला, "तिसोन खड्यांनी मेला. मी दिलेल्या. तुमच्या पोरीने तोर्तिया नव्हती चारली." इथे थांबायला हरकत नव्हती. ठरलं होतं तेवढं झालं होतं. पण तो थांबेना, त्याला थांबता येईना. "तुम्ही आला होतात ना दुकानात. त्या दिवशी. सायकलरिक्षातून, दोन काठ्या घेऊन. म्हणालात, माझी पोर म्हणते खड्यांनी मेला, आणि माझी पोर खोटं बोलत नाही. मला विचारलंत, खरं काय ते सांग. आणि मी हासिंतोची शपथ घेतली. माझ्या धर्मपुत्राची. तिनेच चारली म्हणून. तुम्ही खूप वेळ उभे होतात. मग म्हणालात, कोम्पाद्रे मुलाची खोटी शपथ घेणार नाही. आणि गेलात. मला माफ करा दादा."



कासिल्दाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आपा दुकानात गेला होता. ती मळ्यात असताना, त्या गुडघ्यांनी, दोन काठ्यांवर. तिची बाजू घ्यायला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ताट घेऊन आली. वेदीला आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत, आणि वेदीच्या घरचं अन्न नाकारत नाहीत. ताटात कालच्या कोरड्या तोर्तियाचे बारीक तुकडे होते, बाकी काही नाही. ताट तिने सकाळीच भरून ठेवलं होतं.

"खा."

"कोमाद्रे..."

"मी तिसोनला चारली ती हीच. आपासमोर खा."

त्याने खाल्ली. सगळी, तुकडा न तुकडा, पाण्याशिवाय. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कासिल्दा समोर उभी राहून बघत होती. ताट रिकामं झाल्यावर त्याने टाकीकडे बघितलं आणि बादली उचलली.

"त्याला हात लावायचा नाही," कासिल्दा म्हणाली.

"तू शब्द दिला होतास!"

"तूही दिला होतास, वुल्फ्रानो. माझ्या पोराच्या नावाने, माझ्या बापाला. तुझा शब्द खोटा, तर माझाही खोटा. आता फिटलं." जन्मात पहिल्यांदा तिने त्याला अरेतुरे केलं.

"माझं दुसरं कोणी नाही गं."

"माझाही बाप एकच होता."

तिने दाराआडून निळ्या खड्यांची भरलेली बादली ओढून काढली, त्याच्या हातात दिली, आणि त्याची रिकामी काढून घेतली. मागचं दार तिने आधीच लावून ठेवलं होतं. पुढच्या दाराने, सगळी गल्ली आपापल्या उंबऱ्यावर पाकळ्या पसरत बसलेली असताना, वुल्फ्रानो ते ओझं दोन्ही हातांनी पोटाशी धरून गेला. खडे उन्हात चमकत होते. जुन्या लोकांनी बादलीकडे बघितलं, मग कासिल्दाच्या दाराकडे, काय ते ओळखलं, आणि मान खाली घालून पाकळ्या पसरत राहिले. त्याची दया यावी असा तो दिसत होता. आली नाही कोणाला.

कासिल्दा आत येऊन वेदीपुढे बसली. एम्पेरादोर हंडीतून बाहेर आला, वाळूवर चार पावलं चालला आणि थांबला. तिने आपाचा पुल्केचा पेला हातात घेतला, त्यातला एक घोट प्यायली, आणि पेला पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

"गेला होतात ना आपा तुम्ही?" ती म्हणाली. "मला सांगायचं तरी होतं."